पळसाची पानं आणि फुलचंदचा पडदा

माझे दीर पुंडलिकराव यांना फुलसावंगीत सगळे मान देतात तो त्यांच्या चष्म्यामुळे. यवतमाळहून एक साप्ताहिक येतं, ते त्यांच्याच नावावर येतं, आणि चावडीच्या ओट्यावर बसून ते मोठ्यानं वाचतात. काय वाचायचं, काय गाळायचं, कुठं खाकरायचं, हे तेच ठरवतात. छापलं म्हणजे झालं, असं आमचं गाव मानतं. मी दुसरी शिकलेली, पुसदला मामाकडं राहून. बायकांत वाचता येणारी मी एकटीच, म्हणून माझाही थोडा तोरा होताच. पण साप्ताहिकापुढं माझंही काही चालत नसे.

महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. माझा मुलगा देवराव लांबच्या एका धरणावर कामाला गेला होता. घरी खायला कमी नव्हतं. कपाशी होती, तूर होती, विहिरीला पाणी होतं. पण त्याला जायचंच होतं. "आई, तिथं लोक नदी अडवून राह्यले. मले पाह्यचं आहे," एवढंच सांगून गेला. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं, करंगळी अन् तिच्या शेजारचं, लहानपणीच उसाच्या चरकात गेलेली. तीन बोटांनी टोपलं कसं उचलशील असं मी विचारलं, तर म्हणतो, टोपलं डोक्यावर राह्यते, बोटावर नाही. बोलण्यात तो माझ्यावर गेलेला आहे.

परतणाऱ्या मजुरांबरोबर त्याचा निरोप यायचा. मग पावसाळ्यात त्या नदीला पूर आला, अर्धी उभी राहिलेली भिंत फुटली आणि माणसं वाहून गेली. साप्ताहिकात गेलेल्यांची नावं आली. पुंडलिकरावांनी ओट्यावर वाचलं: देवराव, पुसद तालुका. बापाचं नाव नाही, गाव नाही. मी विचारलं, पुसद तालुक्यात देवराव काय एकच आहे? त्यावर त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला. उत्तर नसलं की ते चष्मा पुसतात. पण त्यानंतर निरोप आला नाही, हेही खरं होतं.

माझी सून पंचफुला. तिचं कुंकू मी पुसू दिलं नाही. ती रोज लावायची आणि रोज माझ्याकडं बघायची, लावू ना, असं. गावाला ते खपत नव्हतं. मेलेल्याची बायको सवाशिणीसारखी राहते, सासूच अशी तर सून काय करील, असं विहिरीवर चाले. माझी जाऊ सत्यभामा, म्हणजे पुंडलिकरावांची बायको, तिनं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पंचफुलाला वगळलं. मी तिच्या दारात गेले आणि विचारलं की कुंकू संपलं असेल तर माझ्याकडचा करंडा पाठवू का. ती आत निघून गेली.

शेवटी भाऊकी बसली. ज्याचा देह सापडत नाही त्याचा पळसाच्या पानांचा माणूस करतात आणि तो नदीवर नेऊन जाळतात. आमच्याकडं पूर्वीपासून तसं आहे. येत्या बाजारानंतर देवरावचं तसं करायचं आणि त्याच दिवशी पंचफुलाचं कुंकू उतरवायचं, असं ठरलं. मी भांडले. पुंडलिकराव शांतपणे म्हणाले, "वहिनी, तुमच्या एकटीच्या म्हणण्यावर माणूस जिता राह्यते काय?"

पुसायला माझ्याकडं चष्माही नव्हता.

त्याच आठवड्यात दिग्रसहून फुलचंद आपला सिनेमाचा तंबू घेऊन आला. बाजाराच्या मोकळ्या जागेत त्यानं खांब रोवले, कनात बांधली, आणि गाडीवर कर्णा लावून दिवसभर गाणी लावली. त्याच वारी साप्ताहिकात सिनेमावर मोठं लिहून आलेलं. तंबूतल्या सिनेमानं खेड्यातल्या बायका बिघडतात, पदराची लाज जाते, पडद्यावरच्या बायकांचे चाळे घरात येतात, असं. पुंडलिकरावांनी ते चवीनं वाचलं, दोन जागा तर दोनदा वाचल्या. दिग्रसला जिनिंगमध्ये कापूस घालायला गेले की ते सिनेमा पाहिल्याशिवाय परतत नाहीत, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. पंचांनी लगेच ठरवलं की बायकांनी जायचं नाही.

मी चावडीवर गेले. मला सिनेमाचा सोस नव्हता असं म्हणणार नाही. पण पंचफुला पावसाळ्यापासून हसली नव्हती, आणि आठ दिवसांनी तर तिला कुठंच जाता येणार नव्हतं, हे खरं कारण. मी पंचांना विचारलं, की सिनेमा पाहून माणूस बिघडतो तर तुम्ही इतक्या वर्षांचे बिघडलेले आहात, तुमच्या हाती गाव कसं ठेवावं? कोणी हसलं. मग परवानगीसाठी तिथं आलेल्या फुलचंदानंच वाट काढली. दुसऱ्या गावांत बायका पडद्याच्या मागं बसतात, तो म्हणाला. कापड पातळ असतं, त्यावर पाणी मारलं की उजेड आरपार जातो, चित्र मागूनही तेवढंच दिसतं. पुरुषांची नजर बायकांवर नाही, बायकांची पुरुषांवर नाही. मी ते उचलून धरलं. दोन्हीकडं आडोसा करायला आमच्या घरची सरकीची पोती मी दिली. पुंडलिकरावांना नाही म्हणायला जागा राहिली नाही.

दिवेलागणीला आम्ही गेलो. फुलचंदाच्या माणसानं पिचकारीनं कापड भिजवलं, थेंब आमच्या अंगावरही आले. मग पलीकडं कुठंतरी यंत्र घरघरलं, आणि त्या ओल्या कापडातून उजेड झिरपला.

मी देवळं पाहिली आहेत, जत्रा पाहिल्या आहेत, पैनगंगेचा पूर काठावर उभी राहून पाहिला आहे. पण तसं कधी काही पाहिलं नव्हतं. आधी नुसता उजेड, मग त्यात धुकं हलल्यासारखं, मग त्यातून माणसं चालत आली. चेहरे आमच्या घराच्या दाराएवढे. मी बसल्या जागी पदर सावरला. एवढी माणसं समोर आली आणि आपण मांडी घालून बसलो आहोत, याचीच लाज वाटली. माझ्या मागं कोणीतरी हात जोडले होते. मी तिला टोकलं नाही, कारण माझेही हात अर्धे वर आले होते.

माणसांच्याही आधी अक्षरं आली होती. बायका मला विचारायला लागल्या, वाचा ना बाई, काय लिहिलंय. मी डोळे ताणले. वरची रेघ आपलीच, पण खालची अक्षरं मला एकही लागेना. सत्यभामा माझ्याकडंच बघत होती. मी सांगितलं की ही दिल्लीची अक्षरं आहेत, सरकारची, आपल्याला शिकवत नाहीत. सगळ्यांना पटलं.

फुलचंद आधी सरकारच्या बातम्या दाखवायचा, मग सिनेमा. बातम्यांच्या वेळी पुढच्या बाजूला पुरुष नव्हतेच म्हणा. गाणी नाहीत, बाई नाही, म्हणून सगळे बाहेर बिड्या ओढत उभे होते. दर आठवड्याला ओट्यावर बातम्या वाचणारे आमचे पुंडलिकरावही बाहेरच. आणि पडद्यावर नदी आली.

मोठी नदी होती ती. तिच्या मध्ये भिंत उठत होती, दगडाची, इतकी उंच की वरची माणसं ओळखू येत नव्हती. एका खाली एक माणसं रांगेनं उभी, आणि टोपली या डोक्यावरून त्या डोक्यावर चालत वर जात होती. माणसं जागेवर, टोपलीच चालते. मला देवराव आठवला, टोपलं डोक्यावर राह्यते म्हणणारा. याच्यासाठी गेला होता पोरगा. मी त्याला वेडा म्हटलं होतं; पण ती भिंत पाहून मला वाटलं, मीही गेले असते.

तेवढ्यात रांगेतला एक मजूर वळला. त्यानं डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून हात धरला आणि हसला.

पंचफुलानं माझं मनगट धरलं. तिच्या बांगड्या माझ्या हातात रुतल्या. "आत्याबाई, तेच आहेत," ती म्हणाली.

मीही तेच पाहत होते. मानेचा तो झटका मी जन्मापासून ओळखते. कपाळावर धरलेल्या हाताला बोटं तीनच होती. पण तो हात उजवा होता. माझ्या मुलाचा डावा हात तुटका. मी त्याची बोटं स्वतः चिंधीत बांधली होती, मला सांगायला कोणी नको. चित्र पुढं सरकलं, भिंत गेली, नदी गेली.

सत्यभामानं मोठ्यानं म्हटलं, "उजवा व्हता हात. आमच्या देवरावचा डावा." आणि सगळ्या बायका माझ्या तोंडाकडं पाहायला लागल्या.

मी म्हणाले, "हो. उजवा होता."

मग सिनेमा सुरू झाला, पण त्यात माझं मन नव्हतं. बायकांचं मात्र होतं. पडद्यावरची बाई डाव्या हातानं जेवली, डाव्या हातानं देवाला फूल वाहिलं, पदर भलत्याच खांद्यावर. सगळ्या तोंडाला पदर लावून बसल्या. साप्ताहिकानं लिहिलं ते खोटं नाही बाई, असं ज्या त्या म्हणत होत्या. सकाळी विहिरीवर तेच. सिनेमातल्या बायांना सोवळं-ओवळं काहीच नसतं, डाव्या हातानं नैवेद्य दाखवतात. सत्यभामानं तर पंचफुला ऐकेल इतक्या मोठ्यानं म्हटलं, की असलं पाहून आलेल्यांच्या कपाळावर कुंकू शोभतं काय.

पंचफुला घरी आली आणि माझ्यासमोर बसली. तिनं दोन्ही हात पुढं केले.

"तुम्हीच काढा बांगड्या, आत्याबाई. त्यांनी फोडण्यापेक्षा तुम्ही काढा. मी त्याईले पाह्यलं, हसताना पाह्यलं. तरी हात उजवा व्हता, म्हणून ते नाहीत असं तुम्हीच म्हणता. आता मी कोणाच्या जिवावर घालू?"

अंगणात पुंडलिकरावांनी पळसाच्या पानांचा भारा आणून टाकलेला होता, दुसऱ्या दिवसासाठी. हिरवी मोठी पानं, दवानं भिजलेली. मी तिच्या हातांना हात लावला नाही. उठून बाहेर गेले. कामाला लागले की मला विचार करता येतो, बसून येत नाही. तंबूतली सरकीची पोती भिजली होती, रात्रीच्या खेळाआधी वाळावीत म्हणून घरी आणली होती; ती दांडीवर वाळत टाकायला घेतली.

ऊन समोरून होतं. पोतं उन्हात धरलं तेव्हा त्याच्या दुसऱ्या अंगावरचा जाड शाईचा छापा आरपार दिसला. वरची रेघ आपली, खालची अक्षरं न कळणारी.

दिल्लीची अक्षरं.

मी पोत्याच्या पलीकडं गेले. तिथून सरळ वाचता येत होतं. दिग्रस. पुन्हा अलीकडं आले, दिल्ली. पलीकडं, दिग्रस. पंचफुला दारातून बघत होती, तिला वाटलं असेल सासूचं डोकं फिरलं. मी तिला म्हटलं, जुनं पातळ धोतर आण आणि चुलीजवळची गेरूची वाटी आण. धोतर दांडीवर पसरलं. माझा डावा हात गेरूत बुडवला, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट दुमडलं, आणि कापडावर दाबला. "आता मांगून पाह्य," मी म्हणाले.

ती पलीकडं गेली. मग कापडामागून तिचा आवाज आला, "उजवा आहे."

आपण रात्रभर जे पाहिलं ते सगळं खरं होतं, आणि सगळं उलटं होतं. ती बाई उजव्या हातानंच जेवली असणार. उजव्या हातानंच फूल वाहिलं असणार. आम्हाला मागं बसवलं आणि आम्ही मागून तिची नीत ठरवली.

मी फुलचंदाकडं गेले. तो खांब मोजत उभा होता, दुसऱ्या दिवशी त्याला निघायचं होतं. मी विचारलं, मागून उजव्याचं डावं दिसते काय? तो म्हणाला, "दिसतेच ना, बाई. कोणी विचारलं नाही म्हणून बोललो नाही." आज पुन्हा त्याच बातम्या आहेत का, तर म्हणाला, त्याच, सरकार देईल तेवढ्याच.

तिथून चावडीवर. पुंडलिकराव भाऊकीला उद्याची वेळ सांगत होते. मी म्हणाले, की पंचफुला आणि मी आज समोर बसणार, पुरुषांत.

"बायकाईनं मांगं बसावं हे तुम्हीच ठरवलं व्हतं, वहिनी," ते म्हणाले.

"मी ठरवलं, मीच मोडून राह्यले. आणि भाऊजी, आज बिडी बाहेर ओढू नका. चष्मा लावून माझ्या शेजारी बसा. पेपर तुम्ही आम्हाले वाचून दाखवता ना, आज मी तुम्हाले दाखवते."

लोक बघत राहिले. आम्ही दोघी पुरुषांच्या मध्ये वाट काढत पुढं गेलो. पंचफुलाच्या कपाळावर कुंकू होतं, मीच लावलं होतं, नेहमीपेक्षा मोठं. कोणी शिंकलं, कोणी थुंकलं, पण जागा दिली. कापड भिजवलं. यंत्र घरघरलं. उजेड आला.

अक्षरं आली, आणि ती मला वाचता आली. एक एक लावून मी मोठ्यानं वाचलं, स, मा, चा, र. पडद्यामागच्या बायकांनी माझा आवाज ओळखला असावा. मला वाचता येत होतं याचा आनंद मला त्या क्षणी झाला नाही. नंतर झाला, आणि अजून आहे.

नदी आली. आज मी बातम्यांत हिंदीतून बोलणाऱ्या माणसाकडंही कान लावला होता. काल त्याचं बोलणं माझ्या कानावरून गेलं होतं. तो सांगत होता, की पावसाळ्याच्या पुरात जी भिंत वाहून गेली होती, ती मजुरांनी पुन्हा उभी केली आहे. पुंडलिकरावांनाही ते कळलं. त्यांचा श्वास मला ऐकू आला. पुरानंतरची भिंत. म्हणजे तिच्यावर जो उभा असेल तो पुरानंतरचा.

टोपली चालत होती. रांगेतला मजूर वळला. कपाळावर हात धरला. डावा. तीन बोटं. आणि हसला, आमच्याकडं तोंड करून, पडवीत उभा राहून हसतो तसा.

पुंडलिकराव उठून उभे राहिले. त्यांच्या डोक्याची सावली थेट देवरावच्या छातीवर पडली आणि मागून लोक ओरडायला लागले, खाली बसा म्हणून. ते बसले नाहीत. त्यांनी चष्मा काढलाही नाही. "डावा," एवढंच म्हणाले.

पंचफुला रडेल असं मला वाटलं होतं. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला, कपाळापर्यंत, नवरा आणि मोठी माणसं एका जागी असली की ओढतात तसा, आणि मान खाली घातली. मग राहवलं नाही म्हणून पदराआडून वर पाहिलं. तोवर तो गेला होता, पण ती त्या जागेकडं पाहत राहिली. नदी वाहत होती.

मी पूर्ण सिनेमा पाहून उठले. ती बाई उजव्या हातानं जेवते, हे मी पडद्यामागं ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. खेळ संपल्यावर सगळे गेले, तेव्हा मी पडद्याजवळ गेले आणि हात लावला. ओलं कापड होतं, दुसरं काही नाही. एवढी नदी, एवढी भिंत, माझा मुलगा, यात कुठं मावले होते, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आताही कळत नाही. फुलचंदाला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी धरणाकडं जायला पुंडलिकराव स्वतः निघाले. फुलचंदाच्या गाडीत बसून दिग्रसपर्यंत, तिथून पुढं एस.टी.नं आणि रेल्वेनं. जाताना म्हणाले, साप्ताहिकाला कळवतो की बातमी खोटी निघाली.

मी त्यांना दारात थांबवलं. "खोटी कायले म्हणता? कोणीतरी देवराव गेलाच आहे, भाऊजी. पुसद तालुक्यातलाच आहे. त्याच्या घरी अजून कोणी कुंकू लावत असेल, अन् त्याईले कोणी वाचून दाखवलं नसेल. आपला सापडला की त्याचं घर शोधा."

त्यांनी मान हलवली. त्यांनी ते शोधलंही, पुढं, पुसदच्या अलीकडच्या एका गावात. ती बातमी खरीच होती. ती एका म्हातारीच्या घरची होती, आमच्या दारात चुकून आली होती. तिला सांगायला मी गेले होते. त्याबद्दल मी लिहिणार नाही.

अंगणात पळसाची पानं पडून होती. सत्यभामा आली, म्हणाली, नदीत सोडून देऊ या, घरात नको. पंचफुलानं तिच्या हातातून भारा घेतला, उंबऱ्यावर बसली आणि पानांच्या पत्रावळी लावायला लागली, काडीनं टाचत, एकेक पान नीट जोडत. सत्यभामा थोडा वेळ उभी राहिली. मग खाली बसली आणि काड्या तोडून द्यायला लागली. आणि जाताना, कोणी न सांगता, तिनं पंचफुलाला कुंकू लावलं.

देवराव आला तेव्हा पत्रावळी वाळून खडखडीत झाल्या होत्या. पुरानंतर मजुरांना पलीकडच्या तीरावर हलवलं होतं, आपल्याकडची माणसं भेटली नाहीत, निरोप कोणाजवळ द्यायचा, असं तो सांगत होता. आम्ही त्याला पानावर बसवलं. पंचफुलानं वाढलं. डाव्या हाताच्या तीन बोटांनी त्यानं पत्रावळ दाबून धरली, उडू नये म्हणून, आणि उजव्या हातानं जेवायला लागला.

"पत्रावळी कायले काढल्या, आई? घरात ताटं नाहीत काय?" त्यानं विचारलं.

पुंडलिकरावांनी चष्मा पुसला. मी म्हणाले, पानं होती घरात. तो दोनदा भाकरी मागून घेऊन जेवला.